कोझुमेलची अर्ध्या दिवसाची स्कुबा डाइव्ह: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

अमेरिकेत राहणारी आपली मंडळी थँक्सगिव्हिंग नाहीतर ख्रिसमसच्या सुट्टीत मेक्सिकोतल्या कॅनकूनला हमखास जातात, पण तिथून तासाभरावर प्लाया देल कार्मेन आणि तिथून फेरीने पाऊण तासात कोझुमेल बेट, हे बऱ्याच जणांच्या प्लॅनमध्येच नसतं. ज्यांनी नुकतंच ओपन वॉटर सर्टिफिकेशन (स्कुबाचा पहिला कोर्स) केलंय आणि पहिल्यांदाच गाइडबरोबर बोटीने डाइव्हला जाणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी तिथे तीन वेळा गेले, आणि पहिल्या वेळी एक गोष्ट गाइडपासून लपवली त्याची शिक्षा पुढचे तीन आठवडे भोगली, ते पुढे येईलच. आत्ताच एक सांगून ठेवते, या सगळ्या अर्ध्या दिवसात भीड बाळगू नका. कान दुखतोय, हवा संपत आलीय, भीती वाटतेय, वर्षभर पाण्यात गेलेलो नाही, जे असेल ते तोंडाने किंवा हाताने लगेच सांगायचं.

आधी एक घोळ मिटवू. "आम्ही मालवणला स्कुबा केलंय" असं पुष्कळ जण सांगतात. मालवणला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला बहुतेकांनी जे केलेलं असतं त्यात मागून इन्स्ट्रक्टरने सिलिंडर धरलेला असतो, तो तुम्हाला फिरवतो, तुम्ही फक्त तोंडाने श्वास घ्यायचा. तो अनुभव छानच, पण तेवढ्यावर कोझुमेलच्या नेहमीच्या बोटीवर तुम्हाला घेणार नाहीत. सर्टिफिकेट नसेल तर 'डिस्कव्हर स्कुबा' बुक करायचं, त्यात आधी थोडं ट्रेनिंग, मग इन्स्ट्रक्टर सोबत आणि जास्तीत जास्त 12 मीटर. सर्टिफिकेट असेल तर 'टू टँक' ट्रिप, म्हणजे सकाळी निघायचं, दोन डाइव्ह, मध्ये विश्रांती, दुपारी परत. ओपन वॉटरवाल्यांची मर्यादा 18 मीटर. या लेखातलं बहुतेक सगळं टू टँकबद्दल आहे, पण कानाचा आणि श्वासाचा भाग दोघांनीही वाचा.

कागदपत्रं आणि बुकिंग

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण एच वन वाल्यांनो, पासपोर्टमधला स्टॅम्प बघा. नुसतं आय 797 (मंजुरीचा कागद) आहे आणि स्टॅम्प संपलाय अशा अवस्थेत विमानतळावर जाऊ नका, त्यांना स्टॅम्प चालू लागतो, नसेल तर आधी मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागेल.

दुसरा कागद म्हणजे मेडिकल फॉर्म. दमा, कानाचं ऑपरेशन, हृदयाचा त्रास, फिट येणं, गरोदरपण, चालू असलेली औषधं असे प्रश्न असतात, आणि काही प्रश्नांना 'हो' आलं की डॉक्टरची सही लागते. लोक हा फॉर्म बोटीवर जायच्या पाच मिनिटं आधी पहिल्यांदा बघतात, 'हो' लिहिलं तर ट्रिप जाईल म्हणून सगळीकडे 'नाही' ठोकून देतात. असं अजिबात करू नका. फॉर्म ऑनलाइन मिळतो, घरीच भरा, 'हो' असेल तर आपल्या डॉक्टरकडून सही घेऊनच निघा. आमच्या ग्रुपमधले एक काका, वय 58, बीपीची गोळी चालू, ते महिनाभर आधी डॉक्टरकडे जाऊन सही घेऊन आले होते आणि त्या दिवशी सगळ्यात निवांत तेच होते.

बुकिंग करताना विचारायचं ते असं: एका गाइडमागे किती जण (सहाच्या वर नको), भाड्याचं सामान धरून किंमत आहे का, मरीन पार्कची फी त्यात धरलीय का, आणि बोटीवर सगळे आमच्यासारखे नवीन आहेत की मुरलेले. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण मुरलेल्यांच्या बोटीवर गेलात तर तुमची हवा त्यांच्या आधी वीस मिनिटं संपते आणि मग आपण सगळ्यांचा खेळ बिघडवतोय असं वाटून लोक गप्प बसतात. इमेलमध्ये सरळ लिहा की माझ्या एकूण इतक्या डाइव्ह झाल्यात, शेवटची अमुक महिन्यात. वर्ष उलटून गेलं असेल तर आदल्या दिवशी रिफ्रेशर (उजळणी) करा, त्यात पैसे वाया जात नाहीत. डाइव्हचा इन्शुरन्सही काढा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्कुबा बऱ्याचदा नसतं.

भारतात शिकलेल्यांसाठी एक सूचना, म्हणजे अंदमान, नेत्राणी, तारकर्ली इथे ज्यांनी कोर्स केला. आपल्याला मीटर आणि बार (हवेच्या दाबाचं माप) शिकवतात. कोझुमेलला गिऱ्हाईक बहुतेक अमेरिकन, त्यामुळे खोली फुटात, बुडायला कमरेला लावायचं वजन पाउंडात आणि हवेचा गेज (सिलिंडरमधला दाब दाखवणारा काटा) पीएसआयमध्ये. तीन आकडे पाठ करून ठेवा: 60 फूट म्हणजे 18 मीटर, 3000 पीएसआय म्हणजे साधारण 200 बार, आणि 700 पीएसआय म्हणजे साधारण 50 बार.

आदल्या दिवशी

दारू नको, जागरण नको, पाणी भरपूर. बोट लागत असेल तर गोळी घ्या, ॲव्होमिन असो की ड्रामामिन, पण ती आधी कधीतरी जमिनीवर घेऊन बघितलेली असावी, कारण काहींना त्याने फार झोप येते आणि पेंगत पाण्यात उतरणं धोक्याचं. सर्दी असेल तर दुकानात फोन करून तारीख पुढे ढकला. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरायचा मोह होतो, पण तिचा असर पाण्याखालीच उतरला तर कानात अडकलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही आणि ते जास्त वाईट.

चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो का आधीच विचारा, नाहीतर सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स चालतात. अंगठ्या, साखळ्या, मंगळसूत्र हॉटेलच्या लॉकरमध्ये. लांब केसांची घट्ट वेणी. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये थोडं थोडं पाणी येत राहतं, त्यांनी मास्कमधलं पाणी नाकाने फुंकून काढायची सवय हॉटेलच्या पूलमध्ये चार वेळा करून घ्या.

हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उत्तरेकडून जोराचे वारे येतात, त्यांना तिथे 'नॉर्ते' म्हणतात, आणि मग बंदराचे अधिकारी लहान बोटींना बाहेर सोडतच नाहीत. म्हणून डाइव्ह सुट्टीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका, एखादा दिवस हातात असू द्या. शेवटच्या दिवशी न ठेवायचं दुसरं कारण विमानाचं, ते शेवटी सांगते.

बोटीवर

सकाळी आठच्या आसपास धक्क्यावर. नाश्ता हलका, पण उपाशीपोटी जाऊ नका. सनस्क्रीन चोपडून येऊ नका, पार्कमध्ये त्याला बंदी आहे, त्यापेक्षा लांब बाह्यांचा रॅश गार्ड घाला. हातमोजे आणि सुरी पण चालत नाही. कारण साधं आहे, हातात मोजे असले की माणूस कोरलला (प्रवाळाला) धरतोच. हा सगळा पट्टा 1996 पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि मेसोअमेरिकन रीफचा (प्रवाळाच्या लांबलचक रांगेचा) भाग आहे, जी जगातली दुसऱ्या नंबरची मोठी बॅरियर रीफ. 2018 पासून इथे कोरलचा एक रोग पसरला, दगडासारखे शंभर वर्षांचे कोरल काही आठवड्यांत पांढरे पडून मेले, आणि 2019 मध्ये दक्षिणेकडचे पलांकार आणि कोलंबिया हे भाग काही काळ बंदच ठेवावे लागले होते. त्यामुळे गाइड "हात लावू नका" म्हणतो तेव्हा ते मनापासून म्हणतो.

पलांकारला पोचायला शहराकडून बोटीने पाऊण तासाच्या आसपास लागतो. तेवढ्यात आपलं सामान आपण तपासायचं. सिलिंडर उघडा, गेज 3000 च्या आसपास आहे का बघा, गेजकडे बघत रेग्युलेटरमधून (तोंडात धरून श्वास घ्यायचं यंत्र) चार श्वास घ्या, काटा हलला तर सिलिंडर पूर्ण उघडलेला नाही. बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) फुगवून बघा, सोडून बघा. वजनाच्या पट्ट्याचं बक्कल कुठे आहे ते हाताने चाचपून ठेवा, स्वतःचं आणि बडीचंही (पाण्यातल्या जोडीदाराचंही). बोटीवरचा मुलगा सगळं जोडून देतो म्हणून आपण बघायचंच नाही असं करू नका.

मग गाइडचं ब्रीफिंग. किती खोल, किती वेळ, हवा कधी दाखवायची, हरवलं तर काय. इथे हाताच्या खुणा नीट ऐका. आपल्या लोकांची एक चूक मी प्रत्येक वेळी बघते: मस्त वाटतंय हे सांगायला आपण सवयीने अंगठा वर करतो. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मला वर जायचंय'. आमचे तेच काका कासव बघून खूश झाले, अंगठा दाखवला, आणि गाइड लगेच त्यांच्या दंडाला धरून वर न्यायला निघाला, काका डोळे मोठे करून मान हलवतायत. सगळं ठीक म्हणजे अंगठा आणि तर्जनीचा गोल. गडबड आहे म्हणजे पंजा आडवा धरून डुगडुगवायचा आणि मग जिथे त्रास आहे तिथे बोट, कानात असेल तर कानाकडे.

ब्रीफिंग संपल्यावर गाइड विचारतो "क्वेश्चन्स?", आणि सगळे गप्प. त्या क्षणी बोला. "मी नवीन आहे, मला कानाला वेळ लागतो, मी हळू उतरणार" एवढं एक वाक्य. चांगला गाइड त्यावर तुम्हाला स्वतःजवळ ठेवतो.

उतरताना: कान

लहान बोट असेल तर काठावर बसून पाठीवर पडायचं. एक हात मास्क आणि रेग्युलेटरवर, दुसरा हात नळ्यांवर, हनुवटी छातीकडे, आणि मागे झुकायचं. सेकंदभर काहीच कळत नाही, सगळीकडे बुडबुडे, मग बीसीडी तुम्हाला वर आणतो. डोक्यावर हात ठेवून बोटीला ठीक असल्याची खूण द्यायची.

आता कान. पाण्याचा दाब सगळ्यात वेगाने बदलतो तो वरच्याच भागात, पहिल्या 10 मीटरमध्येच तो दुप्पट होतो. म्हणून दुखायला लागल्यावर नाही, तर डोकं पाण्याखाली गेल्या गेल्या नाक दाबून हळूच फुंकायचं, आणि मग दर हातभर खाली गेलं की परत. आत बारीकसा 'टक्' होतो, दोन्ही बाजूंनी, तो झाला की पुढे. एका बाजूला होत नसेल तर थांबा, मीटरभर वर या, गिळा, मान त्या बाजूने ताणा, परत फुंका. जोर लावायचा नाही. पाय खाली ठेवून उतरलं तर सोपं जातं, डोकं खाली करून उतरलं की कान अडतात.

मी पहिल्या वेळी काय केलं ते सांगते. थोडी सर्दी होती, कोणाला सांगितली नाही, पैसे भरलेले, नवऱ्याने सुट्टी काढलेली. साधारण 5 मीटरवर डावा कान दुखायला लागला, बाकी सगळे खाली पोचलेले दिसत होते, गाइड वर बघून ठीक का विचारत होता, आणि मी गोल करून दाखवला. दात आवळून खाली गेले. एका क्षणी आत काहीतरी चरचरल्यासारखं झालं आणि दुखणं थांबलं, मला वाटलं मोकळा झाला. वर आले तेव्हा मास्कमध्ये रक्त मिसळलेलं पाणी होतं. पुढचे तीन आठवडे डाव्या कानाला सगळं उशीतून आल्यासारखं ऐकू यायचं, डॉक्टरांनी विमानालाही थांबायला सांगितलं, परतीचं तिकीट बदलावं लागलं. गाइडची काही चूक नव्हती, त्याने विचारलं होतं. दुसऱ्या ट्रिपला मी कानाकडे बोट दाखवलं तेव्हा सगळा ग्रुप पाच मिनिटं खाली वाळूवर थांबला, कोणाचंही काही बिघडलं नाही.

खाली: प्रवाह आणि श्वास

कोझुमेलला 'ड्रिफ्ट' डाइव्ह असतात. बेटाच्या पश्चिमेला पाणी बहुतेक वेळा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतं, तुम्ही त्याच्याबरोबर जाता आणि बोट वरून तुमच्या बुडबुड्यांच्या मागे येते. जिथे उतरलो तिथे परत यायचं नसतं, त्यामुळे पोहायचंही फारसं नसतं. नवीन माणूस इथे सवयीने पाय मारत सुटतो, हात वल्ह्यासारखे चालवतो, आणि पंचवीस मिनिटांत हवा संपवतो. हात पोटाशी बांधा, आडवे व्हा, आणि वाहू द्या, पाय फक्त दिशा बदलायला. थांबून काही बघायचं असेल तर प्रवाहाच्या विरुद्ध भांडू नका, मोठ्या कोरलच्या आडोशाला किंवा तळाच्या थोडं जवळ या, तिथे प्रवाह मंदावतो. फक्त स्पर्श नको, आणि फिन्सने (पायातल्या वल्ह्यांनी) वाळू उडवणंही नको. गाइडच्या पुढे जायचं नाही आणि त्याच्यापेक्षा खोल जायचं नाही. रीफची भिंत एका बाजूला खाली निळ्यात उतरत जाते, पाणी इतकं स्वच्छ की 18 मीटर आणि 25 मीटर यातला फरक डोळ्याला कळत नाही, म्हणून खोली दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरकडे बघायची सवय लावा.

श्वास कधीच रोखायचा नाही, हा स्कुबाचा पहिला नियम. 10 मीटरवर भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होते आणि फुप्फुसाला ती मावत नाही. सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर. खोलीवर हवा का भराभर संपते तेही समजून घ्या: 18 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या जवळजवळ तिप्पट असतो, म्हणून प्रत्येक श्वासात सिलिंडरमधून तिप्पट हवा जाते. दर चार-पाच मिनिटांनी गेज बघा, 1500 झाले की गाइडने विचारायची वाट न बघता दाखवा, 1000 झाले की परत दाखवा. "माझ्यामुळे सगळ्यांना वर यावं लागेल" हा विचार डोक्यातून काढून टाका, बऱ्याचदा गाइड तुम्हाला आणि तुमच्या बडीला सेफ्टी स्टॉप (5 मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा) करवून वर पाठवतो आणि बाकीचे पुढे जातात, रोजचीच गोष्ट आहे.

आणि हे सगळं जमलं की मग बघायला मिळतं ते. पलांकार गार्डन्समध्ये कोरलचे इमारतीएवढे खांब आहेत, मधून वाळूच्या गल्ल्या, वरून उन्हाचे पट्टे उतरतात. क्वीन एंजलफिश, कासवं, कपारीत मोठाले शेवंड फक्त मिशा बाहेर काढून बसलेले, हिवाळ्यात नशीब असेल तर ठिपक्याठिपक्यांचे पाकट रांगेने जाताना. पण गाइडला आधी सांगून ठेवा की मला टोडफिश दाखव. हा जवळजवळ फक्त कोझुमेलच्याच आसपास सापडतो. गाइडने मला एका सपाट कोरलखाली टॉर्च मारून दाखवला, आधी नुसती काळोखी फट दिसली, मग झेब्र्यासारखे काळेपांढरे पट्टे असलेलं चपटं डोकं, हनुवटीवर झालरीसारख्या मिशा, आणि परांच्या कडा हळदीसारख्या पिवळ्याधमक. हलत नाही, नुसता बघतो. त्याचा घुमल्यासारखा आवाज पाण्यात ऐकू येतो, मी श्वास सोडून झाल्यावर बुडबुडे थांबले त्या एका क्षणात ऐकला.

लायनफिशही दिसेल. तो आपल्याकडच्या समुद्रातला, हिंदी आणि प्रशांत महासागरातला, कॅरिबियनमध्ये माणसामुळे पोचला आणि तिथे त्याला खाणारं कोणी नाही म्हणून फार वाढलाय. काटे विषारी आहेत, लांबूनच बघा.

ग्रुप दिसेनासा झाला तर एक मिनिट तिथेच गोल फिरून बघायचं, बुडबुडे शोधायचे, नाही दिसले तर सावकाश वर यायचं. पोहत शोधायला जायचं नाही.

वर येताना

700 पीएसआय शिल्लक असतानाच वर निघायचं, मिनिटाला 9 मीटरपेक्षा वेगाने नाही, स्वतःच्या सगळ्यात लहान बुडबुड्यापेक्षा हळू. 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. इथेच नवीन लोक फुग्यासारखे वर निघतात, कारण संपत आलेला ॲल्युमिनियमचा सिलिंडर हलका होतो आणि बीसीडीतली हवा फुगते. म्हणून वर येताना बीसीडीतली हवा थोडी थोडी सोडत राहा, आणि पहिल्या डाइव्हला तीन मिनिटं खाली थांबता आलं नसेल तर बोटीवर सांगा, दुसरीला दोन पाउंड वजन वाढवून देतील.

पाण्याबाहेर डोकं आलं की आधी बीसीडी फुगवायचा, मास्क आणि रेग्युलेटर तसंच ठेवायचं. बोट इंजिन न्यूट्रल करून जवळ येईपर्यंत शिडीकडे जायचं नाही. दोरी धरून रांगेत थांबा, शिडीवर कोणी चढत असेल तर त्याच्या खाली राहू नका, सिलिंडरसकट माणूस निसटला तर थेट तुमच्या डोक्यावर. दमला असाल तर वजन आणि बीसीडी पाण्यातच काढून वर द्या, बोटीवरचे ओढून घेतात.

मधली विश्रांती तासाभराची. पाणी प्या, कलिंगड-अननस असतं ते खा, अंगात काहीतरी कोरडं घाला, 26-27 अंशाच्या पाण्यातही तासभर राहिलं की वाऱ्यावर कुडकुडायला होतं. दुसरी डाइव्ह उथळ असते, युकाब किंवा पॅराडाइजसारखी, आणि खरं सांगायचं तर नवख्यांना तीच जास्त आवडते, कारण हवा पुरते आणि धडधड संपलेली असते. दुसरी नको वाटली तर नाही म्हणा, कारण द्यावं लागत नाही.

परतल्यावर

टिप रोख आणि वेगळी, गाइड आणि कॅप्टन दोघांना पोचेल अशी. कान गोड्या पाण्याने धुवा. त्या दिवशी जिम नको, दुपारी गरम पाण्याच्या टबात बसणं नको. दोन डाइव्ह झाल्यात म्हणजे विमानाला कमीत कमी 18 तास थांबायचं, फेरी चालते, विमान नाही. सांधा दुखतोय, हातपाय मुंग्या आल्यासारखे झालेत, अंगावर चट्टे उठलेत, विनाकारण प्रचंड थकवा आलाय असं काही संध्याकाळी वाटलं तर "झोपलं की बरं वाटेल" म्हणून पडून राहू नका, लगेच डाइव्ह शॉपला फोन करा, बेटावर प्रेशर चेंबरची सोय आहे आणि त्यात जेवढं लवकर जाल तेवढं बरं.

आणि लॉगबुक त्याच दिवशी भरा. कुठे, किती खोल, किती मिनिटं हे सगळे लिहितात, पण कोणता सूट होता, किती पाउंड वजन लावलं आणि वर येताना किती हवा शिल्लक होती हेही लिहा, पुढच्या वेळी बोटीवर "किती वजन लागतं?" विचारलं की वही उघडून सांगता येतं.